उचलणं कुठंय?

कडूबाला जन्मात कुणी काही शिकवायला आलं नव्हतं. आणि आता छप्पन्नाव्या वर्षी दर गुरुवारी एक बाई घरी येऊन त्याला जोर म्हणजे काय ते समजावून सांगू लागली होती. याला नशीब म्हणायचं की थट्टा, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

कारण कडूबा हमाल होता. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा तो पिशोरहून चालत शहरात आला. सोळा वर्षांचा होता. आल्या आल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यानं शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलं, ते मागल्या वर्षी मणक्यानं दगा दिला तेव्हाच कायमचं उतरलं. चाळीस वर्षं झाली. डॉक्टरनं कमरेला पट्टा दिला, वाकू नका म्हणून सांगितलं, आणि कडूबा मोंढ्यामागच्या वस्तीतल्या दोन पत्र्याच्या खोल्यांत नातवंडं सांभाळत बसला. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा सांडू तेव्हा वाळूजच्या एका कंपनीत, सून आवडा मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायला. घरी राहिली साडेपाच वर्षांची सरू, तीन वर्षांचा बन्सी आणि एक दमलेला म्हातारा. छप्पन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण ते ज्यानं खुर्चीत बसून काढलं त्याचं. हमालाचं वय त्याच्या पाठीला विचारावं.

बाईचं नाव वहिदा. उस्मानपुऱ्यातल्या ज्या बालवाडीत सकाळी दोन तास पोरं जात, तिथली ती शिक्षिका. पोरांनी घरीही शिकावं, खेळता खेळता शिकावं, असं तिच्या संस्थेनं ठरवलं आणि वहिदाबाई खांद्याला पिशवी अडकवून घरोघरी हिंडू लागली. पहिल्या गुरुवारी तिनं भिंतीवर एक तक्ता चिकटवला. त्यावर चार चित्रं होती.

"बघा चाचा. ढकला, ओढा, घरंगळवा, थांबवा. चार आठवडे, चार खेळ. सामान काही आणायचं नाही, घरातलंच घ्यायचं."

"आन शिकवायचं कोनी?"

"तुम्ही."

"म्या?" कडूबा हसला, हसताना मणक्यात कळ आली म्हणून मधेच थांबला. "बाई, म्या अंगठेबहाद्दर हाय. मला कशाला गुतवता?"

"हौ, तेच बरं आहे. शिकलेले लोक झटकन उत्तर सांगून मोकळे होतात. तुम्ही सांगायचं नाही, नुसतं विचारायचं. रिकामा डबा ढकलला तर काय होतं? भरलेला ढकलला तर काय? त्यांना करू द्या, चुकू द्या. चाळीस वर्षं जोर लावला म्हणता ना? मग तुमच्यापेक्षा मोठा मास्तर कुठून आणू मी?"

कडूबाला हे मनातून आवडलं. माणूस कितीही दमलेला असला तरी मास्तर म्हटलं की जरा ताठ बसतो.

आता त्या घरात त्या महिन्यात दुसरी एक गोष्ट चालली होती, ती सांगायला हवी; कारण कडूबाचा सगळा जीव तिथं अडकला होता. मोंढ्यातल्या हमालांच्या टोळीत हमालाची जागा त्याच्या मुलाला मिळते. पितळेचा बिल्ला, त्यावर आकडा. तो बापाच्या दंडावरून मुलाच्या दंडावर जातो. पण असाच जात नाही. टोळीची एक रीत आहे. सगळ्यांसमोर बापानं पहिलं पोतं आपल्या हातानं मुलाच्या पाठीवर द्यायचं, आणि मुलानं ते गाडीपासून गाळ्यातल्या थप्पीपर्यंत न टेकवता न्यायचं. थप्पीजवळ दुसरा गडी उतरवून घेईल तेव्हाच ते पाठीवरून जायचं. मधे जमिनीला लागलं की संपलं. बिल्ला दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जातो, आणि पोरगं टेक्या म्हणून ओळखलं जातं. कडूबानं चाळीस वर्षांत एकदाही पोतं टेकवलं नव्हतं. तापात नाही, पावसात नाही, बायकोला पोचवून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. मोंढ्यात लोक ते सांगत. कडूबापाशी दुसरं सांगण्यासारखं काय होतं?

टोळीचा मुकादम काकासाहेब यानं वर्षभर ती जागा राखून ठेवली होती. सांडू वर्षभर नाही नाही म्हणत होता. कंपनीत सात महिने झाले की ब्रेक द्यायचे, मग दोन महिने घरी, मग पुन्हा बोलावणं. पण या वेळी बोलावणं आलंच नाही. तीन महिने वाट पाहून एक दिवस जेवताना तो मान खाली घालूनच म्हणाला, "सांगा काकासाहेबांला. घेतो बिल्ला." आवडाची भाकरी तव्यावरच राहिली. कडूबाला मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. महिन्याचा शेवटचा शनिवार ठरला.

तोवर इकडं खेळ सुरू झाले होते. पहिला आठवडा ढकलण्याचा. कडूबानं डालड्याचे दोन डबे घेतले, एक रिकामा ठेवला, एकात वाळू भरली. दोन्ही झाकणं लावून पोरांपुढं ठेवले. रिकामा डबा सरूनं एका बोटानं ढकलला तो खडखडत भिंतीला गेला. भरलेला हलेना. बन्सीनं त्याला पोट लावलं, डोकं लावलं, शेवटी चावला.

"का हालत नाय गं सरू?" कडूबानं नेमून दिल्याप्रमाणं विचारलं. उत्तर जिभेवर आलं होतं, गिळलं.

सरूनं डब्याला कान लावला. "ह्याच्यात कोनीतरी बसलंय आजा. ते नाय म्हनतंय."

कडूबा पोट धरून हसला. संध्याकाळी आवडाला सांगताना पुन्हा हसला. मग बाजेवर पडल्यावर त्याला ते आठवलं, आणि हसू आलं नाही. इतक्या हजार पोत्यांत काय काय बसून नाही म्हणत होतं, कुणास ठाऊक. आपण कधी कान लावला नाही.

दुसरा आठवडा ओढण्याचा होता. फुटक्या सुपाला सुतळी बांधली, त्यात बटाटे ठेवले. फरशीवर ओढा, गोणपाटावर ओढा, अंगणातल्या मातीत ओढा, कुठं जड जातंय ते सांगा. हा खेळ कडूबानं नाखुशीनंच घेतला. पोतं ओढणारा हमाल म्हणजे मोंढ्यात थुंकण्याच्या लायकीचा. गोणी फाटते, माल सांडतो, आणि ओढणाऱ्याची पाठ कच्ची आहे हे गावाला कळतं. "ह्ये वढावढी करायचं काम आपलं न्हवं," असं तो पुटपुटला, पण पोरांना त्याचं काय! सुतळी तुटेपर्यंत त्यांनी बटाटे ओढले. गोणपाटावर सूप अडतं आणि फरशीवर पळतं हे सरूनं स्वतःच शोधून काढलं, आणि मग खेळ थांबवून घरातल्या प्रत्येक जमिनीवर गाल लावून पाहत बसली, कोणती गुळगुळीत आणि कोणती खरबरीत.

तिसऱ्या आठवड्यात तर घराची पार दैना झाली. विटांवर पाट तिरपा टेकवून त्यावरून कांदा, बांगडी, लसणाची कुडी, चपटा खडा असं जे सापडेल ते सोडून पाहायचं. कुडी सरळ जायलाच तयार नसे. बन्सी तिला शिव्या देई. मग एका दुपारी कडूबानं जरा डोकं चालवलं. पाटाखाली आवडाची दोन लाटणी आडवी घातली, पाटावर बन्सीला बसवलं आणि सरूला म्हणाला, "लोट." तिनं नेहमीसारखा सगळा जोर लावला आणि पाट असा सुटला की बन्सी थेट चुलीपुढं जाऊन पडला. सरू त्याच्याकडं धावली. मग बन्सीच म्हणाला, "अजून!"

त्या दिवशी आवडा आली तेव्हा कणीक मळून तिला लाटणं सापडेना. दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटून आलेल्या बाईला घरी लाटणं शोधावं लागतं, म्हणजे काय ते तिचं तोंड बघून कळत होतं. पण कडूबानं अपराधी चेहऱ्यानं ते बाजेखालून काढून दिलं, तेव्हा तिला हसू फुटलं. "मामंजी, पोरं खेळू राह्यली का तुमी?" ती म्हणाली. सांडू कोपऱ्यात बसून हे बघत होता. हल्ली तो पहाटे उठून दगड उचलत असे, वाकत असे, पाठ तयार करत असे. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली होती, त्यानंतर अंगावर मांस म्हणून चढलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी वहिदाबाई आली. थांबवण्याचा खेळ तेवढा राहिला होता, बाकी सगळं पोरांनी तिला करून दाखवलं. तिनं सरूला काही विचारायचा अवकाश, सरूच तिला विचारत सुटली. बाई खूश झाली. चहा घेता घेता म्हणाली, "चाचा, साठ घरं केली मी. अशी पोरं चार घरांत नाहीत."

कडूबानं मान हलवली. मग बरेच दिवस पोटात होतं ते ओठांवर आलं. तक्त्याकडं बोट करून तो म्हणाला, "एक सांगा बाई. ह्याच्यात उचलणं कुठंय?"

"काय?"

"ढकलणं हाय, वढणं हाय. घरंगळणं हाय, ते तर वस्तू आपलीआपन करती. उचलणं नाय. खरा जोर त्योच की! दुनिया आमी उचलून ठिवली, आन तक्त्यात आमचं चित्र नाय."

वहिदाबाईनं कप खाली ठेवला. "नक्को चाचा. लहान हाडं असतात. आणि खरं सांगू? या खेळाचं सगळं सांगणंच ते आहे, की उचलायची पाळी कमी यावी. ढकलून जमत असेल तर उचलायचं कशाला?"

ती सहज बोलली आणि पिशवी उचलून पुढच्या घरी गेली. कडूबाला ते बोलणं झोंबलं. उचलायचं कशाला! म्हणजे चाळीस वर्षं मी काय केलं? मूर्खासारखा राबलो? त्या रात्री त्याला पाठीनं आणि त्या वाक्यानं मिळून झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पोरं बालवाडीतून आली, जेवली आणि कडूबानं ठरवलं, आपण आपला खेळ शिकवायचा. त्यानं थैलीत तीन-चार किलो ज्वारी घातली, तोंड आवळलं, सरूच्या डोक्याला फडकं बांधलं. "असं वाक. गुडघा सैल सोड. थैलीचे कान हितं, खांद्यावरनं धर. नजर पावलांपुढं." सरूनं थैली पाठीवर घेतली आणि वाकून चालली. अंगणातल्या नळापासून आतल्या बाजेपर्यंत, बाजेपासून नळापर्यंत. तिचं चालणं बघून कडूबाचं ऊर भरून आलं. तीच वाक, तीच फताडी पावलं. सांडूलाही असं जमलं नव्हतं.

"आन आता नेम ऐक," तो म्हणाला. "मधी टेकवायचं नाय. काय बी झालं तरी नाय. थप्पीपाशी यायचं आन उभं ऱ्हायचं. उतरवणारा उतरवून घेतो तवाच सोडायचं. आपल्या घरच्या कुनी कंदी टेकवलं नाय."

"उतरवणारा कोन?"

"म्या की. म्या हितं थप्पीवर."

आणि थप्पी म्हणून तो बाजेवर आडवा झाला. वस्तीतली माणसं जुम्म्याच्या नमाजला निघाली होती. दोन-तीन खेपा त्यानं उतरवून घेतल्या, शाबासकी दिली. बन्सी मधेच कोपऱ्यात झोपून गेला. रात्रभराचं जागरण होतं. सरू थैली पुन्हा पाठीवर घेऊन नळाकडं वळली एवढं त्याला आठवत होतं.

जाग आली ती बाहेरच्या बोलण्यानं. नमाजला गेलेली माणसं केव्हाच परत येऊन ओट्यांवर चहा पीत बसली होती. कडूबानं डोळे उघडले. बाजेपासून हातभर अंतरावर सरू उभी होती. वाकलेली, थैली पाठीवर, दोन्ही मुठी थैलीच्या कानांवर आवळलेल्या. पोटऱ्या थडथड उडत होत्या. परकर ओला झाला होता, पायांखाली ओल पसरली होती. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण रडत नव्हती.

"आजा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "उतरव ना. म्या टेकवलं नाय."

कडूबा कसा उठला त्याला कळलं नाही. थैली काढली तरी पोरीच्या मुठी उघडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. पाठ सरळ होईना. तिला तशीच वाकलेली उचलून तो बाजेवर घेऊन बसला, आणि कमरेच्या पट्ट्याखाली मणक्यात कळ उठली, तिचं त्याला भान नव्हतं. शेजारची सारजाबाई दारात आली. "म्या दोन येळा पाणी भरून नेलं," ती म्हणाली. "पोरगी दारातनं दिसली, हुबीच. इचारलं तर म्हणली, खेळ चाललाय, आजा उतरवनार हाय. मला काय ठावं तुमी झोपलात म्हनून!"

"तू मला हाक का नाय मारली गं?" कडूबानं सरूला विचारलं.

"थप्पीपाशी यायचं आन उभं ऱ्हायचं," सरू म्हणाली. तिला नेम पाठ होता.

कडूबा रडला. सारजाबाई दारात उभी असताना, पोरीच्या केसांत तोंड घालून, आवाज करून रडला. दमायचं म्हणजे काय ते त्याला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं ते त्या एका दुपारी कळलं. आपणही असेच उभे होतो. कुणी येईल, उतरवून घेईल, तोवर टेकवायचं नाही. आणि त्यालाच आपण इज्जत म्हणत होतो. कुणी आलं नाही. पाठ मोडली तेव्हा ओझं आपलं आपण पडलं. आणि हे आपण एवढ्याशा पोरीला शिकवलं, तेही खेळ म्हणून, लाडानं!

संध्याकाळी सरूला बारीक ताप होता. आवडा आली, तेव्हा कडूबानं काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पोरीच्या पोटऱ्यांना तेल लावलं आणि हळूच म्हणाली, "तुमी दिलेलं ओझं, मामंजी. ती कशाला टेकवती? ह्या घरात शेवटपर्यंत नाय कोन म्हनतं तुमाला?" तिनं सांडूचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

सांडू बाजारातून आला तेव्हा त्याच्या हातात नवं फडकं होतं, उद्यासाठी घेतलेलं. कडूबा म्हणाला, "सांडू, उद्या नको जाऊ. बिल्ला नको घेऊ."

सांडूला आधी वाटलं, बाप थट्टा करतोय. मग त्याचं डोकं फिरलं. "आता? वरीसभर मागं कोन लागलं व्हतं? काकासाहेबांला जबान कोनी दिली? आता नाय म्हनलो तर समदा मोंढा म्हनंल, कडूबाचं पोरगं भ्यालं."

"म्हनू दे की."

"तुमी म्हनू दिलं असतं?"

सांडू जे बोलत होता तो शब्दन् शब्द कडूबाचाच होता. लहानपणापासून कानात घातलेला. त्यातला एक शब्दही आता मागं घेता येत नव्हता. सांडूनं फडकं खुंटीला टांगलं आणि जेवायला बसला. फार जेवला नाही.

शनिवारी सकाळी मोंढ्यात तुरीची गाडी लागली होती. गाळ्यापुढं दुसऱ्या दोन गाड्या उभ्या असल्यानं ती लांब, पार वळणावर थांबवावी लागली होती. थप्पीपर्यंत पस्तीसेक पावलं, वर गाळ्याच्या तीन पायऱ्या. टोळी जमली. पहिल्या पोत्याला गुलाल लावला, नारळ फुटला. काकासाहेबानं बिल्ला रुमालात धरला होता. लोक कडूबाला भेटत होते, पाठीचं विचारत होते, आणि नव्या गड्यांना सांगत होते, हे बघा, ह्यांचं पोतं चाळीस वर्षांत टेकलं नाय. एरवी हे ऐकून कडूबा फुलला असता. आज त्याला ते ऐकवत नव्हतं. वाटत होतं, पळून जावं.

पण रीत ती रीत. दोघा गड्यांनी पोतं गाडीच्या फळीवर आणलं, सांडू पाठमोरा वाकला, आणि कडूबानं दोन्ही हात लावले. मुलाची पाठ त्याला शर्टातून दिसत होती, एकेक मणका वेगळा. "घे," तो म्हणाला. शंभर किलो त्या पाठीवर गेले. सांडू खचला, सावरला आणि चालू लागला.

पहिली वीस पावलं बरी गेली. टोळी आरोळ्या देत होती. कडूबा मागून चालत होता, रीतीप्रमाणं चार हात अंतर ठेवून. सव्विसाव्या पावलाला सांडूचा वेग कमी झाला. पायऱ्यांपाशी तो थांबला. पहिल्या पायरीवर पाय टाकायचा, तो पाय उचलेना.

"वर, सांडू, वर!" लोक ओरडले. "तीनच हायेत!"

सांडू तिथंच उभा राहिला. उभं राहिलं की ओझं दुप्पट होतं, हे हमालाला सांगावं लागत नाही. कडूबाची नजर त्याच्या पोटऱ्यांवर गेली. त्या थडथड उडत होत्या.

"टेकव," कडूबा म्हणाला.

गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. तो पुढं झाला, मुलाच्या तोंडापुढं वाकून पुन्हा म्हणाला, "सांडू, टेकव बाळा."

सांडूनं वर पाहिलं. कपाळाची शीर टरारली होती. दातांमधून त्यानं एवढंच म्हटलं, "नाय. म्या टेकवत नाय."

मग कडूबानं रीत सोडली. डॉक्टरनं वाकू नको म्हटलेला तो माणूस मुलाच्या मागं गेला, पोत्याखाली खांदा घातला, गोणीचे दोन्ही कान धरले आणि सगळ्या टोळीदेखत ते पोतं त्याच्या पाठीवरून काढून पायऱ्यांपुढच्या धुळीत ठेवलं. धप्प आवाज झाला. गुलाल उडाला. आरोळ्या एकदम थांबल्या.

"कडूबा!" काकासाहेब धावत आला. "याड लागलं का तुला? पहिलं पोतं हाय! काय केलंस हे?"

"टेकवलं," कडूबा म्हणाला. "त्यानं नाय, म्या. माझ्या नावावर लावा."

"नावावर लावायचं म्हंजी? बिल्ला जातो तुझ्या घरचा. चाळीस वर्साचं नाव जातं. कळतंय का?"

"कळतंय. जाऊ द्या."

मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. काकासाहेबानं बिल्ल्यासकट रुमालाची घडी घालून ती खिशात ठेवली आणि टोळीला हाताची खूण केली. गाडी रिकामी करायची होती. माणसं दोघांना वळसा घालून पोती नेऊ लागली.

कडूबाच्या कमरेतून आग निघत होती. तो त्याच पोत्यावर बसला, गुलालाच्या डागाशेजारी. सांडू गुडघ्यांवर हात टेकून उभा होता, श्वास त्याला पुरत नव्हता. रागानं की लाजेनं, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कंपनी गेली होती, आता हेही गेलं. कडूबानं पोत्यावर जरा सरकून त्याला जागा केली. सांडू बराच वेळ बसला नाही. मग बसला.

"आता काय करायचं बाबा?" त्यानं विचारलं.

कडूबाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचा आव आणण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्यानं मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"आदी दम खा," तो म्हणाला.